आयुष्यभरासाठी एकच .२२ पिस्तूल घ्यायचं तर कोणतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी बावीस वर्षांची, २५ मीटर पिस्तूल प्रकारात तीन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर सराव करून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचली आहे. आता तिला स्वतःचं पिस्तूल घेऊन द्यायचंय. "एवढे पैसे एकदाच उभे करता येतील, तेव्हा परत घ्यावं लागणार नाही असं सांगा," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या यादीत पार्दिनी एसपी, वॉल्थर जीएसपी, फाईनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ आणि मोरिनी सीएम २२ एम ही चार नावं आहेत. शिवाय अमेरिकेतल्या मामांनी सिग पी २१० सुचवलंय.

मामांच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण ती लगेच निकालात निघते. सिग पी २१० हे स्विस सैन्याने १९४९ साली घेतलेलं पिस्तूल आहे आणि अचूकतेबद्दल त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. पण ते ९ मिलिमीटरचं. आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकासाठी ९ मिमी हा निषिद्ध बोअर, म्हणजे बंदी असलेला नळीचा व्यास आहे. दुसरं म्हणजे तुमच्या मुलीच्या स्पर्धेत .२२ लाँग रायफल हेच काडतूस चालतं. आणि नातलगाने तिकडे विकत घेऊन सामानातून आणायची ही वस्तू नव्हे. परवाना, नॅशनल रायफल असोसिएशनची शिफारस, आयातीची परवानगी, कस्टम्स या वाटेनेच ते येतं. मामांना प्रेमाने नाही म्हणा.

आता माझं उत्तर. तुमच्या मुलीसाठी मी पार्दिनी एसपी घेईन, मेकॅनिकल ट्रिगरचं, तिच्या हाताच्या मापाच्या ग्रिपसह, म्हणजे मुठीसह. का, ते सविस्तर सांगतो, कारण हेच उत्तर दुसऱ्या हाताला आणि दुसऱ्या गावाला वेगळं येऊ शकतं.

"आयुष्यभर टिकेल का" असं विचारताना बहुतेकांच्या मनात नळी असते. .२२ च्या बाबतीत नळीची काळजी सोडून द्या. गोळी मऊ शिशाची, वर तांब्याचं आवरण नाही, दाब कमी. नीट वापरलेली नळी लाखाच्या घरात गोळ्या झाडूनही तितकाच नेम देते. झिजतात त्या लहानसहान गोष्टी: रिकॉईल स्प्रिंग, बफर (धक्का झेलणारा भाग), फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारी नखी), मॅगझिनची स्प्रिंग आणि त्याचे ओठ, म्हणजे वरच्या कडा. या वस्तू पाच-दहा वर्षांनी तुम्हाला मिळतील का, आणि बसवणारा माणूस जवळ आहे का, यावर पिस्तुलाचं आयुष्य ठरतं.

अचूकतेचंही तेच. स्पर्धेचे दोन टप्पे असतात, सावकाश नेमाचा प्रिसिजन आणि वेगाचा रॅपिड. २५ मीटरवर प्रिसिजन टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं, रॅपिडचं १०० मिमीचं. तुमच्या यादीतलं कुठलंही पिस्तूल मशीनमध्ये घट्ट बांधून, त्याला मानवणाऱ्या गोळीने झाडलं तर गोळ्या त्या ५० मिमीच्या बऱ्याच आत एकमेकींना चिकटून पडतात. म्हणजे कागदावरचा फरक या चौघांत नाहीच. फरक आहे तो हातात बसण्याचा, न अडकण्याचा आणि दुरुस्तीचा.

हातात बसण्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथेच लोक घाई करतात. दुकानात किंवा मित्राच्या घरी पिस्तूल उचललं, "वा, छान बसतंय" म्हटलं आणि पैसे भरले, असं करू नका. रेंजवर, फायरिंग पॉइंटवर, नळी टार्गेटकडे ठेवून, पिस्तूल रिकामं आहे हे दोघांनी पाहून मग हे करा. मुलीने डाव्या हाताने पिस्तूल धरून उजव्या हातात बसवावं. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपमध्ये जितकी वर जाईल तितकी वर. मग डोळे मिटून हात खाली पंचेचाळीस अंशांत आणावा, नेहमीसारखा उचलावा, थांबावं आणि डोळे उघडावेत. पुढची साइट (नेमाची खूण) मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. मनगट न वळवता, बोटं न हलवता. दहा वेळा केलं आणि दहाही वेळा साइट एकाच बाजूला गेली तर काळजी नाही, ग्रिप घासून आणि भरून ते सुधारता येतं. दरवेळी वेगळीकडे गेली तर मात्र ती ग्रिप तिच्या हाताची नाही.

हे इतकं महत्त्वाचं का? तर तिच्या स्पर्धेतल्या साठ गोळ्यांपैकी तीस रॅपिडच्या आहेत. सात सेकंद थांबायचं, मग तीन सेकंद मिळतात. त्या तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम धरायचा आणि एक गोळी सोडायची. तिथे साइट शोधत बसायला वेळ नसतो. हात वर येईल तेव्हा ती जागेवर आलेली असली पाहिजे, आणि हे काम ग्रिपचं असतं.

पुढे बोटं बघा. पिस्तुलाचा भार मधल्या बोटावर यावा, ट्रिगर गार्डच्या खाली. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सपाट टेकावा आणि तर्जनीची बाकीची बाजू ग्रिपच्या लाकडाला अजिबात लागू नये. तिथून कागद सरकला पाहिजे. लाकूड लागत असेल तर ट्रिगर दाबताना बोट पिस्तुलालाच बाजूला ढकलतं आणि मुलगी महिनोन्महिने "माझे शॉट डावीकडे का जातात" म्हणून रडकुंडीला येते. बोट आखूड असेल तर ट्रिगर पुढेमागे सरकवता येतो, चांगल्या पिस्तुलात तो थोडा तिरकाही करता येतो. खालचा तळहाताचा टेकू हाताला नुसता भेटावा. तो आवळून बसवला की पहिल्या सिरीजला (पाच गोळ्यांच्या गटाला) फार स्थिर वाटतं, आणि तिसऱ्या सिरीजपर्यंत करंगळीकडून हात बधिर होतो.

पार्दिनीच्या ग्रिप मापाप्रमाणे मिळतात, अगदी लहान हातांपर्यंत. आपल्याकडच्या मुलींचे हात पाहता हा मोठा फायदा आहे. मध्यम मापाची ग्रिप घेऊन घासत बसण्यापेक्षा लहान माप घेऊन कमी पडेल तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरणं कधीही सोपं. भरणं आणि घासणं एका बैठकीत उरकू नका. पातळ थर द्या, वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, दोन दिवस सराव करा, मग पुढचा थर. आणि मूळ ग्रिपला हात लावण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आता ट्रिगर. या स्पर्धेत ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं. नळी उभी धरून, ट्रिगरला वजन अडकवून ते उचललं जातं का हे तपासतात. पिस्तूल कंपनीतून नेमकं हजारावर लावून आलं असलं तरी मी ते १०३० ते १०५० वर ठेवतो. तेल, धूळ, स्प्रिंगचं वय, थंडी, यातल्या कशानेही ते वीस ग्रॅम इकडेतिकडे होतं, आणि तपासणीच्या टेबलावर घाम फुटण्यापेक्षा तीस ग्रॅम जास्त ओढणं बरं. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो; त्यातले सहाशे-सातशे ग्रॅम पहिल्या टप्प्यात, उरलेले दुसऱ्यात. अशा ट्रिगरवर बोट निर्धास्तपणे टेकवता येतं.

पार्दिनीत इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचंही मॉडेल आहे. तो ट्रिगर खरोखर सुंदर असतो, दुसरा टप्पा काच तुटल्यासारखा स्वच्छ. दरवर्षी परदेशात शिबिरं करणाऱ्या, कंपनीच्या माणसाला स्पर्धेच्या ठिकाणी भेटू शकणाऱ्या खेळाडूला मी तो आनंदाने सुचवेन. पण तुमची अट आयुष्यभराची आहे. पोलादाचा सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) वीस वर्षांनी झिजला तर चांगला आर्मरर, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणारा कारागीर, तो घासून, बदलून देतो. वीस वर्षांपूर्वीचं सर्किट बंद पडलं तर ते कुणी घासून देत नाही. म्हणून मेकॅनिकल.

यादीतल्या आणखी दोघांबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवं. वॉल्थर जीएसपी १९६८ पासून आहे. जर्मनीच्या उल्म शहरातल्या कंपनीचं, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, चौकोनी, दिसायला अवजारासारखं. पन्नास वर्षं जगभरच्या रेंजवर ते राबलंय आणि जुन्या क्लबांच्या कपाटात आजही चालू स्थितीत सापडतं. नीट ठेवलेलं जुनं जीएसपी ओळखीच्या खेळाडूकडून, त्याच्या परवान्यावरून तुमच्या परवान्यावर मिळत असेल तर बघायला नक्की जा. त्यात .३२ चा भाग बसवून सेंटर फायर (मोठ्या काडतुसाचा प्रकार) खेळता येतं, पण तुमच्या मुलीच्या प्रकाराला त्याची गरज नाही.

फाईनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ माझं स्वतःचं लाडकं. ओबर्नडॉर्फच्या या कंपनीने सोव्हिएत शस्त्रकार येफिम खायदुरोव्ह यांची रचना घेऊन ती जर्मन सफाईने घडवली. आत धक्का शोषणारी व्यवस्था आहे, त्यामुळे गोळी सुटल्यावर पुढची साइट उडते आणि जवळपास त्याच जागी परत येऊन बसते. ते अडकल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. मग तेच का नको? कारण आपल्याकडच्या रेंजवर ते तुरळक दिसतं. एखादा भाग तुटला तर शेजारच्या लेनवरून उसना मागायची सोय नाही. पार्दिनी मात्र भरपूर दिसतं. इटलीतल्या लिदो दी कामायोरेची ही कंपनी स्वतः नेमबाज असलेल्या जाम्पिएरो पार्दिनी यांनी उभी केली. राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवशी सकाळी मॅगझिन पडून त्याचे ओठ वाकले, तर त्याच रांगेत दुसऱ्या कुणाकडे तरी जादा मॅगझिन निघेल. पुण्यात किंवा दिल्लीत ज्या आर्मररकडे जाल त्याने ते आधी कधीतरी उघडलेलं असेल. आयुष्यभराच्या वस्तूला हे लागतं.

पिस्तूल अडकणं ही इथे किरकोळ गैरसोय नसते. नियमाने मान्य होणारा बिघाड प्रिसिजन आणि रॅपिड यांतल्या प्रत्येक टप्प्यात एकदाच पदरात पडतो. त्यानंतर अडकलं तर न सुटलेल्या गोळ्या शून्य. म्हणून पिस्तूल आलं की गोळी निवडण्यात कंजुषी करू नका. एसके, एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांपैकी जिची मिळेल तिची थोडी थोडी घेऊन बघा. चालली ती गोळी एकाच लॉटची साठवा. हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) गोळी या पिस्तुलांत घालू नका. बोल्ट आणि बफर तिच्यासाठी केलेले नाहीत, ते मार खातात.

पैशांचं गणितही आत्ताच मांडा. ही पिस्तुलं युरोपात दोन हजार युरोंच्या पुढेमागे मिळतात, वर आयातीचा खर्च. पण वर्षाला पाच हजार गोळ्या म्हटल्या तरी दहा वर्षांत पन्नास हजार होतात, आणि चांगल्या गोळीचा भाव पाहता तो खर्च पिस्तुलाच्या कितीतरी पुढे जातो. पिस्तुलात सगळी पुंजी घालून गोळ्यांसाठी हात आखडणारी घरं मी पाहिली आहेत. त्या मुलींचं पिस्तूल कपाटात छान राहतं. तुमचं बजेट ताणलं जात असेल तर पिस्तूल जुनं घ्या, गोळ्या चांगल्या घ्या.

जुनं बघायला गेलात तर आर्मररला सोबत न्याच, पण एक जागा स्वतः डोळ्याने बघा: चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेच्या, तोंडाची कडा, जिथे फायरिंग पिन आपटते. .२२ च्या काडतुसात पिन कडेवर आदळते. रिकाम्या चेंबरवर खटाखट ड्राय (गोळीविना ट्रिगर दाबण्याचा सराव) करत राहिलं तर काही पिस्तुलांत पिन थेट पोलादावर बसते आणि तिथे बारीक खाच पडून आत कंगोरा उभा राहतो. टॉर्च तिरका धरला की तो चमकतो. नखाने फिरवलं तर लागतो. तो कंगोरा काडतूस आत जाताना खरवडतो आणि बाहेर येताना धरून ठेवतो. मालक म्हणतो, "गोळी खराब आहे." गोळी बरी असते, चेंबर दुखावलेलं असतं. थोडं असेल तर दुरुस्त होतं, पण किंमत त्याप्रमाणे खाली यायला हवी. नव्या पिस्तुलालाही हेच लागू: ड्राय सरावासाठी कंपनीने दिलेली सोय वापरा, नाहीतर ड्राय प्लग घाला. घरचा सराव रोजचा असतो, पिस्तुलाचं अर्धं आयुष्य तिथेच जातं.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, तीही सांगतो. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात पूर्वी .२२ शॉर्ट काडतुसाची खास पिस्तुलं वापरत, हलक्या ट्रिगरची. वॉल्थर ओएसपी, पार्दिनी जीपी अशी नावाजलेली यंत्रं. २००५ पासून नियम बदलला, लाँग रायफल काडतूस आणि हजार ग्रॅमचा ट्रिगर आला, आणि ती अप्रतिम पिस्तुलं एका रात्रीत स्पर्धेबाहेर गेली. लोखंड शाबूत होतं, खेळ पुढे गेला. म्हणून अगदी एका नियमासाठी घडवलेलं, टोकाचं खास मॉडेल घेऊ नका. एसपीचं साधं मॉडेल घ्या. २५ मीटर पिस्तूल आणि स्टँडर्ड पिस्तूल दोन्ही त्यावर खेळता येतात, आणि महिलांची ही स्पर्धा १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये असल्याने तिचा पाया भक्कम आहे. तुमच्याच गावच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेही शूटऑफमध्ये. कोल्हापुरात हा खेळ समजणारी माणसं आहेत, त्यांचा सल्लाही घ्या.

कायद्याच्या बाजूने "आयुष्यभर" हा विचार आपल्याकडे योग्यच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण त्या दर्जाप्रमाणे बदलतात, तेव्हा असोसिएशनकडून लेखी माहिती घ्या. विकायचं झालं तर फक्त परवानाधारकाला आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळवून. म्हणजे आवडलं नाही म्हणून बदललं, हे इथे जमत नाही.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. खेळाडूंना सूट मिळते, पण ती मागावी लागते. असोसिएशनचं पत्र आणि स्पर्धांचं वेळापत्रक जोडून अर्ज आधीच द्या. तरी जमा करावंच लागलं तर आधी नळीत आणि बोल्टवर तेलाचा हात फिरवा, ग्रिप काढून घरी ठेवा आणि पावतीवर क्रमांक नीट तपासा. ती ग्रिप घडवायला तुम्ही सहा महिने घालवलेले असतात, मालखान्यातल्या दमटपणात ती फुगली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

पावसाळ्यात घरीही हीच काळजी. कोल्हापूरच्या जुलैत फोमच्या पेटीत पिस्तूल ठेवू नका. फोम ओल धरतो आणि नेमका पोलादाला चिकटवून ठेवतो. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पिशव्यांसह लोखंडी कपाटात ठेवा. पिशव्या दर पंधरवड्याला बदला. कपाटाची किल्ली मुलीकडे आणि एक तुमच्याकडे, तिसरी नको. गोळ्या वेगळ्या कुलपात. घरात लहान मूल येतं-जातं की नाही याचा विचार करू नका, नियम रोजचाच ठेवा.

नळीची सफाई चेंबरकडून करा, तोंडाकडून दांडा घालू नका. नळीच्या तोंडाची कडा बिघडली तर नेम जातो, आणि घासण्यानेच ती बिघडते. दर सरावानंतर नळी चकाचक करण्याची गरज नाही. चेंबर, बोल्टचा पुढचा भाग आणि एक्स्ट्रॅक्टरची नखी मात्र प्रत्येक वेळी पुसा, मेण आणि शिसं तिथेच साचतं.

ऑर्डर देताना पिस्तुलासोबतच हे मागवा: दोन जादा मॅगझिन, दोन रिकॉईल स्प्रिंग, बफरचा एक संच, एक फायरिंग पिन, एक एक्स्ट्रॅक्टर त्याच्या स्प्रिंगसह. आयातीच्या कागदांत त्यांचाही उल्लेख आधीच करून घ्या, नंतर एका स्प्रिंगसाठी पुन्हा सगळी वाट चालावी लागते. आणि ग्रिपचं माप कळवण्याआधी मुलीला एकदा पुण्याला बालेवाडीला घेऊन या. लहान आणि मध्यम अशा दोन्ही मापांचं पार्दिनी तिथे कुणा ना कुणाकडे असतं. डोळे मिटून हात उचलण्याची ती परीक्षा दोन्हींवर होऊ द्या, मगच पैसे भरा.